वरून कोरडा, आतून ओलाच! लांब केसांच्या कुत्र्यांचे पावसाळी प्रश्न

जुलै उजाडला की माझ्यासारख्या कुत्र्यांच्या डॉक्टरकडे येणाऱ्या पत्रांचा वासच बदलतो. मे महिन्यात सगळे विचारतात एसी किती नंबरवर ठेवू, आणि पाऊस लागला की बहुतेक पत्रं खाज, पुळ्या आणि ओल्या जखमांची. म्हणून या वेळी फक्त तीच घेतलीत, आणि तीही झुपकेदार केसवाल्यांचीच. बीगल आणि डॉबरमनवाल्यांनी रुसू नये, पुढच्या अंकात तुमचा नंबर. आणि फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती, केस बाजूला करून कातडीचा फोटो काढा हो, नुसत्या झिपऱ्या बघून मला काही कळत नाही.

प्रश्न : मॅडम, आमचा लाडू, गोल्डन रिट्रीव्हर, तीन वर्षांचा. रविवारी ताम्हिणीला गेलो होतो, तिथे ओढ्यात मनसोक्त डुंबला. घरी आल्यावर दोन टॉवेलनी खसाखसा पुसला, हात फिरवून बघितलं तर कोरडाच लागला. मंगळवारी सकाळी उजव्या कानाखाली गालावर केस चिकटल्यासारखे दिसले, रुपयाएवढी जागा. आईने हळद आणि खोबरेल लावलं. संध्याकाळी ऑफिसातून येतोय तर तळहाताएवढं झालेलं, चिकट पाणी येतंय, वास मारतोय. मग मेडिकलमधून माणसांची एक ट्यूब आणून लावली. आता हात लावू देत नाही, काल आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरला. आमचे डॉक्टर फोनवर म्हणाले हॉटस्पॉट आहे, घेऊन या. न्यायलाच हवं का, घरी नाही होणार? (पुणे)

उत्तर : न्या. हॉटस्पॉट म्हणजे ओल आणि खाजवणं यातून अचानक उठणारी, झपाट्याने पसरणारी ओली जखम. हे छापून येईपर्यंत बहुतेक नेलंही असेल, पण अगदी हीच गोष्ट कुत्र्याचं आणि गावाचं नाव बदलून बऱ्याच जणांनी लिहिलीय म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘हात फिरवला तर कोरडा लागला’ इथेच आपण सगळे फसतो. गोल्डनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर लांब सरळ केस आणि त्याखाली लोकरीसारखी दाट लव. वरचे केस पाणी झटकून टाकतात आणि लवकर वाळतात, आपला हात तेवढंच चाचपतो. खालची लव मात्र पाणी धरून बसते. ही जात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तयार झाली, शिकाऱ्याने मारलेले पक्षी पाण्यातून उचलून आणायला, तिथल्या गारठ्यात हा कोट म्हणजे स्वेटर आणि रेनकोट एकात. पण आपल्याकडे जुलैत जीन्स दोन-दोन दिवस दोरीवर ओली लटकते तिथे ती लव कुठून वाळायला? आतली कातडी मग खूप वेळ भांडी घासल्यावर आपली बोटं होतात ना, तशी पांढरट मऊ पडते. कातडीवर जंतू तर एरवीही असतातच, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस हा त्यातला मुख्य, त्याला आयतं मैदान मिळतं. त्यात कुठून तरी खाज सुटली की कुत्रा पंजा मारतो, सालटं निघतं, लस म्हणजे ते चिकट पाणी गळतं, लसेने केस चिकटतात, चिकटलेल्या केसांखाली अजून ओल, अजून खाज, अजून पंजा. सकाळचा रुपया संध्याकाळी तळहात होतो तो असा.

पण लाडूच्या बाबतीत माझा पहिला संशय ओढ्यावर नाही, कानावर आहे. जखम कुठे आहे यावरून पुष्कळ कळतं. कानाखाली, गालावर, मानेवर असेल तर आधी कान उचलून आत बघायचं आणि चक्क वास घ्यायचा. काळपट तपकिरी मळ, आंबूस वास, सारखं डोकं झटकणं असं असेल तर दुखणं कानात आहे आणि गाल उगाच मार खातोय. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या टोकाला असेल तर पिसवा धरून चाला. शेपटीखाली असेल आणि तो बसून मागचं घासत सरकत असेल तर गुदग्रंथी तुंबल्यात. म्हाताऱ्या कुत्र्याने मांडी नाहीतर गुडघा चाटून चाटून ओला केला असेल तर कधीकधी आतला सांधा दुखत असतो. हे मूळ बघितलं नाही तर जखम भरते आणि महिन्याभराने चार बोटं पलीकडे दुसरी उगवते, आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही.

‘आमच्याकडे पिसवा नाहीत, मी बघितलं’ असं मला रोज कोणीतरी सांगतं. गोल्डनच्या अंगात पिसू दिसणं म्हणजे ज्वारीच्या शेतात टाचणी शोधणं. त्यापेक्षा बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा, फणीत काळे दाणे आले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. दाण्याभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे तुमच्याच कुत्र्याचं पचलेलं रक्त. ज्याला पिसवांची ॲलर्जी आहे त्याला दोन-चार चावेही पुरतात.

आता हळद-खोबरेल. आईंना बोलू नका, त्यांनी आपल्या घरातलं सगळ्यात विश्वासाचं औषध लावलं. पण ओल्या, केसाळ जखमेवर तेल म्हणजे डब्याला झाकण. आत ओल तशीच, वर हळदीने सगळं पिवळं, त्यामुळे पू कुठला आणि हळद कुठली हे आम्हालाही कळत नाही. माणसांच्या ट्यूबचा प्रकार त्याहून वाईट. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय ‘खाजेची द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडते ती स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध असं तिन्ही एकत्र केलेली. कडक स्टिरॉइड वारंवार लावलं की कातडी पातळ होते, जंतूंचं फावतं, आणि कुत्रा ते चाटतो ते वेगळंच. बाळांच्या रॅशची पांढरी क्रीम आणि कॅलामाइनही नको, त्यात झिंक असतं, पोटात जास्त गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

क्लिनिकमध्ये काय करतात ते सांगते म्हणजे घरी का जमत नाही ते कळेल. ट्रिमर लावला की आधी तो अडकतो, कारण वरचे केस आणि वाळलेली लस यांची पापडासारखी खपली झालेली असते. ती कडेकडेने उचलत जायचं. खाली कातडी लालबुंद, चकचकीत, ओली, टोमॅटोचं साल काढल्यावर दिसतो तशी. मालकाने रुपया म्हणून दाखवलेलं असतं आणि ट्रिमर पुढे सरकतो तसतशी लाल कड मागे मागे सरकत जाते, जबड्याखालून पार गळ्यापर्यंत, आणि मालक म्हणतो ‘अहो एवढं नव्हतं!’ होतं, केसांखाली होतं. चहूबाजूंनी दोन बोटं निरोगी कातडी दिसेपर्यंत केस काढायचे, मग सलाइनने नाहीतर पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने धुवायचं, गॉजने टिपायचं, घासायचं नाही, आणि उघडं ठेवायचं. निम्मं काम इथेच होतं, कारण हवा लागते. हे भयंकर दुखतं, लाडू गुरगुरला तो त्यासाठीच, त्याचा स्वभाव बिघडलेला नाही. काहींना हलकी भूल देऊनच करावं लागतं. घरी कात्रीने करायला जाऊ नका, चिकटलेल्या केसांसोबत कातडीची चिमूट वर येते आणि कात्री ती सपकन कापते, असे टाके मी दर पावसाळ्यात घालते.

मग खाज थांबवायला थोडे दिवस गोळी नाहीतर इंजेक्शन, आणि गळ्यात कोन, म्हणजे जखम चाटू-खाजवू न देणारी ती नरसाळ्यासारखी कॉलर. कोनाला नाही म्हणू नका हो, ‘त्याला आवडत नाही, उदास होतो’ म्हणून रात्री कोन काढणारे सकाळी परत दारात असतात. अँटिबायोटिक दर वेळी लागतंच असं नाही, वरवरची जखम धुऊन वाळवून बरी होते. मात्र गोल्डनच्या गालावर-मानेवर कधीकधी इन्फेक्शन केसांच्या मुळांत खोल उतरलेलं असतं, जखमेभोवती बारीक टणक पुळ्यांची रांग दिसते, तेव्हा पोटातून कोर्स द्यावा लागतो आणि तो पूर्ण करावा लागतो. मूळ कारण पकडलं तर ओल एक-दोन दिवसांत थांबते आणि आठवडा-दहा दिवसांत कातडी धरते.

रात्री अकराला लक्षात आलं आणि डॉक्टर सकाळीच, तर काय? कोन घाला, आणि हात लावू देत असेल तरच स्वच्छ सलाइनने नाहीतर फिक्या चहाच्या रंगाइतक्या पातळ बीटाडीनने धुवा, टिपा, पंख्याखाली ठेवा. बस. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री ऑइल यातलं काहीही नाही. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात नाही, कुत्र्याच्या लिव्हर-किडनीचा खेळ होतो.

प्रश्न : आमची हस्की, लूना. मेमध्ये उन्हामुळे पार्लरवाल्याने सुचवलं म्हणून पूर्ण झिरो ट्रिम केली. दोन महिने होऊन गेले, कमरेवर अजून केस आले नाहीत, आणि पोटावर घामोळ्यासारख्या पुळ्या आल्यात, काहींची गोल सालटी निघतात. ती दिवसभर कूलरसमोर पडलेली असते. नायटा आहे का? (नागपूर)

उत्तर : नागपुरात हस्की पाळावी का यावर मी काही बोलत नाही, तुम्ही आणलीय आता, आणि लूना तुमचीच आहे. पण झिरो ट्रिमवर बोलणार.

दोन थरांचा कोट हा नुसता स्वेटर नाही, तो उन्हालाही अडवतो. तो सफाचट केला की कातडीवर थेट ऊन पडतं, आणि या जातींमध्ये केसांची मुळं झोपी जातात, काही महिने, कधी वर्षभर सुद्धा केस येत नाहीत आणि आले तर आधी लव येते, पोत बदलतो. याला इलाज म्हणजे वाट बघणं. फक्त त्याच्या जोडीला ती जाड झाली असेल, सुस्त असेल, शेपटी उंदरासारखी विरळ झाली असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. उन्हाळ्यात हस्कीची आतली मेलेली लव रेकने, म्हणजे लांब दातांच्या फणीने विंचरून काढायची असते, ती पोतंभर निघते आणि मग हवा खेळते. शिह त्झू, ल्हासा यांची गोष्ट वेगळी, त्यांचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, ते बारीक कापले तरी परत येतात. पार्लरवाल्यांनी दोघांना एकच मशीन फिरवू नये एवढंच.

पुळ्या बहुतेक नायटा नाही. बारीक पिवळट पुळी फुटते आणि मागे गोल कडेची सालटी राहते, बांगडीसारखी, हे वरवरच्या बॅक्टेरियल इन्फेक्शनचं, पायोडर्माचं नेहमीचं रूप, आणि गोल दिसतं म्हणून सगळे त्याला नायटा समजून फंगसची क्रीम चोळत बसतात. डॉक्टरांना सांगा काचपट्टीवर नमुना घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायला, पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि अंदाजपंचे औषध देणं वाचतं. कूलरचा ओला गारवा उन्हाळ्यात ठीक, आता पावसात तो बंद करा, नुसता पंखा लावा. टाकीतलं पाणी कधी बदललं होतं तेही आठवून बघा.

प्रश्न : ताई, आमच्या शिह त्झूला महिनाभर भयंकर खाज आहे, कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत झालीत. आता माझ्या हातांवर आणि मुलीच्या पोटावर लाल पुरळ उठलंय, रात्री खाजतं. सासूबाई म्हणतात कुत्रा बाहेर काढा. शेजारचे काका म्हणतात गुरांना देतात ते लूतीचं इंजेक्शन अर्धं टोचून टाका. (चिपळूण)

उत्तर : काकांचं ऐकू नका आणि सासूबाईंनाही जरा थांबायला सांगा.

कानाच्या कडा, कोपरं, आणि घरातल्या माणसांना जिथे कुत्र्याचं अंग लागतं तिथे पुरळ, म्हणजे हातावर, पोटावर, हे ऐकलं की आम्हाला आधी खरूज आठवते, सार्कोप्टिस किड्याची. एक सोपी गंमत करून बघा, त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा, त्या बाजूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला तर संशय बराच वाढतो. नक्की मात्र नाही. कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात पण हा किडा इतका लबाड आहे की बऱ्याच वेळा सापडतच नाही, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लक्षणं बघून उपचार करतात. गोचीड-पिसवांवरच्या नव्या चघळायच्या गोळ्या यावर चांगल्या चालतात, पण त्याला फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्यालाही औषध. कुत्र्याचा किडा माणसावर संसार थाटत नाही, कुत्रा बरा झाला की माणसांचं पुरळ थोड्या आठवड्यांत ओसरतं, तरी तुम्ही दोघी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात कुत्रा आहे हे न विचारता सांगा. दुसरी शक्यता खऱ्या नायट्याची, तोही माणसांना लागतो, मुलांना लवकर. निळ्या दिव्याखाली काही वेळा केस हिरवट चमकतात, न चमकले तरी नायटा नाही असं होत नाही, मग केसांचं कल्चर करतात, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघतात, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

ते गुरांचं इंजेक्शन म्हणजे आयव्हरमेक्टिन. गुरांसाठी त्याची ताकद ठरलेली, पाच किलोच्या कुत्र्याला ‘अर्धं’ म्हणजे किती हे काकांना कोणी सांगितलं? आणि कॉली, शेल्टी असल्या काही लांब केसांच्या जातींमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूपर्यंत हे औषध पोचतं, कुत्रं झोकांड्या खात कोमात जाऊ शकतं.

प्रश्न : आमच्या जर्मन शेफर्डला, लांब केसांचा आहे, वर्षात तिसऱ्यांदा अँटिबायोटिक चालू आहे. गोळ्या असेपर्यंत छान, बंद केल्या की दोन-तीन आठवड्यांत परत पुळ्या आणि वास. मधे एक इंजेक्शन दिलं तेव्हा महिनाभर जादू झाल्यासारखी खाज थांबली होती, तेच परत देता येईल का? रोज समुद्रावर फिरायला नेतो. आहार साधा, भात आणि मासे. (म्हापसा)

उत्तर : ती जादू बहुतेक बरेच दिवस अंगात राहणाऱ्या स्टिरॉइडची होती. खाज बंद होते, आपण खूश, आणि आत कारण तसंच. परत परत दिलं तर तहान, लघवी, वजन आणि पुन्हा इन्फेक्शन. नको.

तीनदा तेच होतंय म्हणजे इन्फेक्शन हा पाहुणा आहे, दार कोणीतरी दुसरं उघडं ठेवतंय. ते दार शोधायचं. पण त्याआधी चौथं अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी पुळीतून नमुना घेऊन कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठला जंतू आणि तो कुठल्या औषधाने मरतो ही तपासणी, करून घ्या, कारण इतक्या कोर्सनंतर जंतू औषधाला दाद देत नाहीत अशी वेळ येऊ शकते, आणि मग अंदाजाने दिलेली महागडी गोळी पण फुकट. क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू मात्र असल्या हट्टी जंतूंवरही बहुधा चालतो, म्हणून हल्ली आम्ही आधी अंघोळीवरच भर देतो, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. पण कसा लावता ते महत्त्वाचं. बाटलीतून थेट पाठीवर ओतला की तो वरच्या केसांवरच फेसाळतो. मगभर पाण्यात कालवा, केस पाडत पाडत कातडीपर्यंत बोटांनी पोचवा आणि मग पूर्ण दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवा, एवढा वेळ औषध कातडीला लागायलाच हवं. लोक दोन मिनिटांत धुतात आणि म्हणतात शाम्पू बोगस निघाला. मग भरपूर पाणी. समुद्रावरून आल्यावर रोज गोड्या पाण्याने धुवायलाच हवं आणि वाळवायलाही, वाळू आणि मीठ मांड्यांच्या आत राहतं.

आता दार. पहिली पिसवा-गोचिडांची गोळी, बारा महिने, एकही महिना न चुकवता, कारण पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष घरात सोफ्याखाली, पायपुसण्यात असतात, अंगावर दिसतात ते थोडेच, आणि कोष महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकतात. ते करूनही खाज असेल तर मग खाण्याची ॲलर्जी तपासायची. त्यासाठी आठ आठवडे असं काही द्यायचं जे त्याने जन्मात खाल्लं नाही, आणि दुसरा कणही नाही, बिस्कीट नाही, पावाचा तुकडा नाही. मासे हलके असतात म्हणून त्यावरच ठेवतो म्हणाल, तर गोव्याच्या कुत्र्याला मासे नवीन कसे असतील? ज्या प्रोटीनवर तो वाढला त्याचीच ॲलर्जी असू शकते. डॉक्टरांकडून त्यासाठीचं खास तयार खाणं घ्या, महाग आहे पण आठ आठवड्यांचाच प्रश्न आहे. त्यातही काही निघालं नाही तर घरातल्या धुळीची, परागांची ॲलर्जी, तिच्यावर आता स्टिरॉइड सोडून दुसरी औषधं आहेत पण ती वर्षानुवर्षं चालतात हे आधीच मनाशी धरा. थायरॉइड बघायचं तर इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर बघा, आजारपणात आणि स्टिरॉइडवर तो आकडा खोटाच कमी येतो.

प्रश्न : आमचा पांढरा स्पिट्झ चौदा वर्षांचा आहे. दोन दिवस शेपटीखाली वास येत होता, म्हातारा झालाय म्हणून दुर्लक्ष केलं. आज केस बाजूला केले तर किडे वळवळताना दिसले. वडील फिनेल ओतायला निघालेत. (सातारा जिल्हा)

उत्तर : या पत्राला मी त्याच दिवशी फोनवर उत्तर दिलं होतं, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. फिनेल नाही, पेट्रोल नाही, डांबराच्या गोळ्यांची पूड नाही. किडे मरतील न मरतील, चौदा वर्षांचा म्हातारा मात्र ते कातडीतून आणि चाटून पोटात घेईल.

माशीला लागतो ओला, घाण लागलेला गुंता. जखम असायलाच हवी असं नाही, लघवी-संडासने भिजलेले केसही पुरतात, आणि अंडी साधारण दिवसभरात फुटतात. म्हणून दोन दिवस म्हणजे खूप. वरून दिसतात ते चार, आत पोकळी करून पुष्कळ असतात, ते चिमट्याने एकेक काढावे लागतात, केस काढून, धुऊन, बऱ्याचदा भूल देऊन, आणि दुसऱ्या दिवशी परत बघावं लागतं. टर्पेंटाइनचा बोळा काही डॉक्टर वापरतात पण ते किती आणि कुठे ते त्यांच्यावर सोडा. तुम्ही फक्त सलाइनने धुवा, स्वच्छ ओल्या कापडाने सैल झाका आणि गाडी काढा. सातारा जिल्ह्यात गावातल्या दवाखान्यात सोय नसेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे नेता येतं.

आणि अपराधी वाटून घेऊ नका. मी स्वतः डॉक्टर, माझ्या घरात लांब केसांची शेफर्ड होती, रोज संध्याकाळी मांडीवर डोकं ठेवून बसायची, रोज थोपटायचे मी तिला. एका ऑगस्टमध्ये तिच्या कानामागे अक्रोडाएवढी जट झालेली आणि तिच्याखाली सडलेली कातडी, मला कळलं ते कधी, तर उशीला वास यायला लागला तेव्हा. थोपटणं आणि तपासणं वेगळं.

म्हाताऱ्या झुपकेदार कुत्र्याचे शेपटीखालचे आणि मांड्यांच्या आतले केस पावसाळाभर बारीक कापून ठेवा. दिसायला वेडंबिद्रं दिसतं, दिसू दे.

प्रश्न : वन बीएचके, चौथा मजला, पावसात दोनदा खाली न्यावंच लागतं, आणि पॉमेरेनियन आहे. वाळवायचा कसा? हेअर ड्रायर चालतो का? मी कॉलेजला जाते, सकाळी वेळ नसतो. (डोंबिवली)

उत्तर : वेळ नसतो तर भिजवूच नकोस, हे पहिलं. पोट झाकणारा रेनकोट मिळतो, तो घाल, पण वर आल्याबरोबर काढ, आत वाफ धरते. पाय आणि पोट मायक्रोफायबरच्या कापडाने दाबून दाबून टिप, घासलंस तर गुंता होतो. ड्रायर चालतो पण थंड नाहीतर अगदी कोमट हवेवर, वीतभर लांब, आणि एका हाताने ड्रायर धरून दुसऱ्या हाताने ब्रशने केस उलटे पाडत जायचं म्हणजे मधे कातडीची रेघ दिसते, ती रेघ वाळली की पुढची. वरवर फुगवून दिलं तर आत ओलंच. जास्त वेळ लागणाऱ्या जागा चारच, कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात. सकाळी या चार कर, बाकी पंखा करेल. अंघोळ करायची असेल तर आधी गुंता सोडव आणि मग पाणी, ओल्या झालेल्या जटेचा दगड होतो. आणि आपला शाम्पू नको ग, कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा असतो आणि तिची कातडी पातळही असते.

प्रश्न : मी पहिल्या प्रश्नातलाच, लाडूचा. डॉक्टरांकडे नेलं. कानातच इन्फेक्शन निघालं, यीस्टचं. आता जखम वाळलीय, पण अर्धा गाल भादरलेला आहे. गणपतीपर्यंत केस येतील ना? घरी सगळे नातेवाईक असतात, फोटो असतात. (पुणे)

उत्तर : लव येईल, लांब केसांची झालर नाही येणार, तिला काही महिने लागतात, आणि नवे केस आधी थोडे गडदही दिसू शकतात. कानातलं औषध डॉक्टर म्हणतील तितके दिवस घाला, वास गेला म्हणून मधेच थांबू नका. फोटोला डावीकडून उभं करा.